बीसीजीमधला सी : डॉ. आल्बेर काल्मेत

इंजिनिअरिंगच्या पोरांना फुल फॉर्मची भारी हौस. सीएनसी, पीएलसी, रॅम, रॉम... झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण मित्रांनो, बीसीजीचा फुल फॉर्म काय हो? जन्मल्याबरोबर आपल्या डाव्या दंडावर जी सुई टोचली गेली, तिचं नाव बीसीजी. बी म्हणजे बॅसिलस, अर्थात जंतू. सी म्हणजे काल्मेत आणि जी म्हणजे गेरँ. ही दोन माणसांची आडनावं आहेत. पहिले माणसांचे डॉक्टर, दुसरे गुराढोरांचे. दोघेही फ्रान्सचे. आज त्यातल्या पहिल्याची, म्हणजे डॉ. आल्बेर काल्मेत यांची गोष्ट सांगायची आहे.

आता तुम्ही म्हणाल, कुठे फ्रान्स आणि कुठे आपण! तर ऐका. आमचं कुरुंदा हे गाव हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात. हळदीचा पट्टा. अशा गावात दोन भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या असतात. एक म्हणजे, रात्रीची लाईट आली म्हणून पाणी द्यायला शेतात गेलेल्या माणसाला पान लागण्याची. (साप चावला असं थेट म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात.) आणि दुसरी त्या खोकल्याची, जो महिना महिना जात नाही आणि माणूस वाळत जातो. त्या दुखण्याचं नावसुद्धा जुनी माणसं हळू आवाजात घेतात. सापाचं विष आणि क्षयाचा जंतू, या दोन्हींशी एकाच माणसाने आयुष्यभर झुंज दिली. ते म्हणजे काल्मेत. सरकारी दवाखान्यातल्या फ्रिजमध्ये सापावरची लस आणि बीसीजी शेजारी शेजारी ठेवलेल्या असतील, तर त्या दोन्हींचं मूळ शोधत गेलं की याच एका माणसापाशी येऊन पोचतं.

जहाजावरचा डॉक्टर

आल्बेर काल्मेत यांचा जन्म 12 जुलै 1863 रोजी नीस या समुद्रकाठच्या शहरात झाला. लहानपणापासून एकच वेड, नौदलात जायचं. पण टायफॉईडच्या दुखण्याने तब्येत ढासळली आणि नौदलाचा अधिकारी व्हायचं स्वप्न राहून गेलं. मग त्यांनी मधला रस्ता काढला. समुद्रावर जायचंच, पण डॉक्टर म्हणून! 1881 साली ते ब्रेस्ट इथल्या नौदलाच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाले.

त्यानंतरची काही वर्षं म्हणजे नुसता प्रवास. हाँगकाँगला त्यांची गाठ पॅट्रिक मॅन्सन या मोठ्या डॉक्टरांशी पडली. हत्तीरोगाचे कृमी डासांमार्फत पसरतात हे ज्यांनी दाखवलं तेच हे मॅन्सन. काल्मेत यांनीही 1886 साली पदवीचा प्रबंध याच कृमींवर लिहिला. पुढे आफ्रिकेत गॅबन आणि काँगोमध्ये त्यांनी मलेरियाचे रोगी पाहिले. मग कॅनडाजवळच्या एका छोट्या फ्रेंच बेटावर नेमणूक झाली. तिथे खारवलेला मासा लाल पडून नासायचा आणि कोळ्यांचं मोठं नुकसान व्हायचं. काल्मेत यांनी सूक्ष्मदर्शक लावून बघितलं तर तो उद्योग जंतूंचा, आणि ते मिठातून येणारे. जंतुशास्त्राचा नाद त्यांना इथे लागला, तो कायमचा.

1890 साली ते पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एमिल रू यांच्याकडे शिकायला गेले. लुई पाश्चर तेव्हा हयात होते. या नौदलाच्या डॉक्टरची चिकाटी त्यांच्या नजरेत भरली असावी, कारण पुढच्याच वर्षी एक मोठं काम सोपवलं गेलं. व्हिएतनाममध्ये सायगॉन इथे पाश्चर इन्स्टिट्यूटची शाखा उघडायची. फ्रान्सबाहेरची ही पहिली शाखा. वय वर्षे 28!

पिंपातले एकोणीस नाग

सायगॉनला देवी आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या लशी बनवायचं मुख्य काम होतं. पण त्याच वर्षी एक घटना घडली. बाक ल्यू भागात पूर आला आणि पुराच्या पाण्यातून नाग गावात शिरले. सुमारे 40 माणसांना चावले, त्यातली 4 दगावली. आपल्याकडे नदीकाठच्या गावांना हे वेगळं सांगायला नको. पूर ओसरला की घरात, गोठ्यात, लाकडाच्या ढिगात काय काय निघतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या एका माणसाने 19 जिवंत नाग एका पिंपात घालून काल्मेत यांच्याकडे पाठवून दिले.

काल्मेत यांनी विष काढून प्रयोग सुरू केले. आधी रासायनिक औषधं वापरून पाहिली, पण हाती काही लागलं नाही. मग बर्लिनला झालेल्या एका शोधाकडे त्यांचं लक्ष गेलं. 1890 साली बेहरिंग आणि कितासातो यांनी दाखवलं होतं की घटसर्प किंवा धनुर्वाताचं विष जनावराला थोडं थोडं टोचत गेलं, तर त्याच्या रक्तात त्यावरचा उतारा तयार होतो आणि तो उतारा दुसऱ्याला देता येतो. काल्मेत यांनी विचार केला, जंतूच्या विषाला हे लागू पडतं तर सापाच्या विषाला का नाही? 1893 साली आमांशाने आजारी पडून ते फ्रान्सला परतले आणि त्यांनी सशांवर, मग घोड्यांवर काम केलं. 1894 साली त्यांनी निष्कर्ष जाहीर केले. गंमत म्हणजे फिझालिक्स आणि बर्त्राँ या दोघांनीही त्याच सुमाराला पॅरिसमध्येच असेच निष्कर्ष मांडले. पण माणसांसाठी घोड्यांपासून सर्पविषावरचं सीरम तयार करून बाटलीत आणलं ते काल्मेत यांनी.

इथे त्यांची एक चूकही सांगायला हवी. नागाच्या विषावरचं सीरम सगळ्याच सापांना चालेल, असं काल्मेत यांना वाटत होतं. ते खरं नव्हतं. ऑस्ट्रेलियात मार्टिन यांनी, ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझील यांनी आणि भारतात जॉर्ज लँब यांनी ते दाखवून दिलं. लँब यांनी घोणसच्या विषावर आपल्या मुंबईत, परळच्या प्लेग प्रयोगशाळेत काम केलं होतं. हीच प्रयोगशाळा पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. नागाच्या विषावरचा उतारा घोणसवर चालत नाही, हे कळल्यामुळेच भारतात आज नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर मिळून एक सीरम बनतं. हाफकिनमध्येही ते वर्षानुवर्षं बनत आलं आहे. शोध एकाचा, दुरुस्ती दुसऱ्याची. विज्ञान असंच चालतं.

लील शहरातला धूर

1895 साली काल्मेत यांना उत्तर फ्रान्समधल्या लील शहरी नव्या पाश्चर इन्स्टिट्यूटचं प्रमुख नेमलं गेलं. लील म्हणजे सूतगिरण्या, कोळसा, धूर आणि दाटीवाटीच्या चाळी. गिरणगावची आठवण यावी असंच! आणि जिथे अशी दाटी, तिथे क्षय. कामगारांची घरंच्या घरं त्याने पोखरलेली.

क्षयाचा दरारा त्या काळी केवढा होता, हे आपल्याकडच्या एका नावावरून कळेल. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी भारतात परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. वय 21. स्वतः डॉक्टर असूनही उपाय नव्हता, कारण उपाय कुणाकडेच नव्हता. रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी क्षयाचा जंतू जगाला दाखवला होता (म्हणून 24 मार्च हा जागतिक क्षयरोग दिन). 1890 साली त्यांनी ट्युबरक्युलिन नावाचं औषधही आणलं. सगळ्या जगातून रोग्यांनी बर्लिनकडे धाव घेतली. पण औषध म्हणून ते फसलं. चांगल्या चांगल्यांनी मग क्षयापुढे हात टेकले.

काल्मेत यांनी सुरुवात प्रयोगशाळेतून केली नाही, तर कामगारांच्या घरातून केली. 1901 साली त्यांनी लीलमध्ये आपल्या गुरूंच्या नावाने, म्हणजे एमिल रू यांच्या नावाने, क्षयाचा दवाखाना काढला. फ्रान्समधला अशा प्रकारचा हा पहिला. तिथे नुसती तपासणी होत नसे. दवाखान्याची माणसं रोग्याच्या घरी जात, खिडक्या, अंथरूण, कपडे बघत, थुंकी कशी नष्ट करायची ते शिकवत, कपडे धुऊन देत, खायला अन्न देत. क्षयाच्या रोग्याला औषधाइतकंच पोटभर जेवण लागतं, हे त्यांना कळलं होतं. आज आपल्या सरकारच्या निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असलेल्या रोग्याच्या खात्यात आहारासाठी पैसे जमा होतात. 2018 साली दरमहा 500 रुपयांपासून सुरुवात झाली आणि नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले. या योजनेमागची जाणीव लीलच्या त्या दवाखान्यातही दिसते.

सिव्हिलवाल्यांसाठी एक खास माहिती. लीलजवळ ला मादलेन इथे सांडपाणी जंतूंच्या मदतीने शुद्ध करायचं केंद्र काल्मेत यांनीच उभं केलं. फ्रान्समधल्या अशा पहिल्या केंद्रांपैकी ते एक. सायगॉनला असताना तांदळापासून दारू बनवताना वापरली जाणारी बुरशी त्यांनी वेगळी काढली होती, त्यावरून पुढे कारखान्यात अल्कोहोल बनवायची पद्धत निघाली. म्हणजे केमिकलवाल्यांनीही त्यांना आपलं म्हणायला हरकत नाही!

दर तीन आठवड्यांनी एक बटाटा

1897 साली कामीय गेरँ हे तरुण पशुवैद्य लीलला रुजू झाले. गेरँ लहान असतानाच, 1882 साली, त्यांचे वडील क्षयाने गेले होते. इथून या दोघांची जोडी जमली ती शेवटपर्यंत.

विषावर उतारा आणि क्षयावर लस या दोन गोष्टींत मोठा फरक आहे, तो आधी समजून घेऊ. सापाचं विष रक्तात उघडं फिरतं. रक्तात तयार प्रतिपिंडं सोडली की ती विषाला धरून निकामी करतात. काम काही तासांचं. क्षयाचा जंतू मात्र बिलंदर. शरीराच्या ज्या पेशी जंतूंना गिळून मारतात, त्याच पेशींच्या पोटात तो घर करून बसतो. चोराने पोलीस चौकीतच मुक्काम ठोकावा, तसं! तिथे प्रतिपिंडं पोचत नाहीत. त्यासाठी त्या पेशींनाच आतून लढायला शिकवावं लागतं. टी पेशी वगैरे भानगडी तेव्हा कुणाला माहीत नव्हत्या. पण काल्मेत आणि गेरँ यांनी वासरांवरच्या प्रयोगात एक गोष्ट टिपली होती. ज्या वासराला क्षयाची सौम्य लागण होऊन ते त्यातून सावरलं, ते पुढच्या मोठ्या लागणीला दाद देत नाही. म्हणजे जंतू जिवंत हवा, पण मारणारा नको. असा जंतू आणायचा कुठून?

उत्तर अपघाताने मिळालं. क्षयाचे जंतू काचेत वाढवताना त्यांच्या गुठळ्या होत आणि मोजूनमापून डोस देता येत नसे. गुठळ्या सुटाव्यात म्हणून दोघांनी ग्लिसरिन आणि बैलाचं पित्त यात शिजवलेल्या बटाट्याच्या फोडीवर जंतू वाढवायला घेतले. जंतू गाईला होणाऱ्या क्षयाचा होता. थोड्या काळाने लक्षात आलं की पित्तावर वाढलेला जंतू जरा मवाळ झालाय. मग त्यांनी ठरवलं, चालू ठेवायचं.

1908 साली काम सुरू झालं. दर तीन आठवड्यांनी जंतूंचा थोडा अंश जुन्या बटाट्यावरून काढून नव्या बटाट्यावर लावायचा. पुन्हा तीन आठवडे थांबायचं. पुन्हा नवा बटाटा. मधून मधून जनावरांवर चाचणी. असं किती वेळा? सुमारे 230 वेळा! गणित करून बघा, 230 गुणिले 3 म्हणजे 690 आठवडे, म्हणजे 13 वर्षांच्या वर. आपण प्रॅक्टिकलला एक रीडिंग तीनदा घ्यायचं म्हटलं की तोंड वाकडं करतो.

ही 13 वर्षं काही शांततेची नव्हती. आल्बेर यांचे भाऊ गास्ताँ काल्मेत हे फिगारो या प्रसिद्ध दैनिकाचे संपादक. 16 मार्च 1914 रोजी अर्थमंत्र्यांच्या पत्नीने त्यांच्या कचेरीत शिरून गोळ्या झाडल्या आणि त्यात ते गेले. खटला चालला, बाई निर्दोष सुटल्या. काही दिवसांतच पहिलं महायुद्ध पेटलं आणि लील जर्मन सैन्याच्या ताब्यात गेलं, ते 1918 पर्यंत. बटाटा आणि पित्त मिळेना. प्रयोगाची जनावरं गेली. जर्मनांनी शहरातल्या प्रतिष्ठित घरांतल्या बायका ओलीस म्हणून नेल्या, त्यांत श्रीमती काल्मेतही होत्या. गेरँ यांची पत्नी 1918 साली गेली, तीही क्षयानेच. ज्या रोगाने वडील नेले, त्यानेच बायकोही नेली आणि त्याच रोगाचा जंतू हा माणूस रोज हाताळत होता. तरी बटाट्याचा क्रम त्यांनी तुटू दिला नाही. युद्धाच्या काळात नवे प्रयोग जमेनात म्हणून काल्मेत यांनी क्षयावरचा जाडजूड ग्रंथ लिहून काढला, तो 1920 साली छापून आला.

शेवटी तो जंतू इतका मवाळ झाला की कितीही टोचला तरी गिनीपिग, ससा, माकड, वासरू, कुणालाच क्षय होईना. त्या बटाट्यावर नेमकं काय घडलं होतं, ते कळायला 1990 चं दशक उजाडावं लागलं. जंतूच्या डीएनएमधला एक तुकडाच गळून पडला होता. पेशी फोडून बाहेर पसरायला जंतूला जी प्रथिनं लागतात, त्यांचे आराखडे त्या तुकड्यात होते. जनुक म्हणजे काय हे माहीत नसताना, नुसत्या चिकाटीने आणि निरीक्षणाने दोघांनी हे साधलं होतं.

पहिलं बाळ

1921 च्या जुलै महिन्यात पॅरिसमध्ये डॉ. वेल-आले यांच्याकडे एक नवजात बाळ होतं. आई बाळंतपणानंतर लगेचच क्षयाने गेलेली आणि सांभाळणारी आजीही क्षयाचीच रोगी. त्या घरात ते बाळ वाचण्याची आशा जवळपास नव्हती. त्याला बीसीजी तोंडावाटे पाजली गेली. बाळाला क्षय झाला नाही.

1924 पासून लस मोठ्या प्रमाणावर देणं सुरू झालं. 1928 पर्यंत फ्रान्समध्ये लाखाहून अधिक बाळांना ती मिळाली होती. काल्मेत यांनी मृत्यूचे आकडे प्रसिद्ध केले, ते फार चांगले होते. फारच चांगले, असं इंग्लंडमधले संख्याशास्त्रज्ञ ग्रीनवूड यांना वाटलं. लस घेतलेली आणि न घेतलेली मुलं सारख्याच परिस्थितीतली नसतील, तर तुलना कशी करणार, असा त्यांचा आक्षेप होता आणि तो रास्त होता. मन लावून काम करणाऱ्या माणसाच्या आकड्यांनाही कंट्रोल ग्रुप लागतोच. पण याहून मोठं संकट पुढे होतं.

ल्यूबेक

जर्मनीतल्या ल्यूबेक शहराने बाळांना बीसीजी द्यायचं ठरवलं. पॅरिसहून मूळ जंतू मागवले. लस तिथल्याच इस्पितळाच्या प्रयोगशाळेत प्राध्यापक डाइके यांच्या देखरेखीखाली तयार झाली आणि 1930 च्या फेब्रुवारी अखेरीस ती बाळांना पाजायला सुरुवात झाली. एप्रिलमध्ये बाळं दगावू लागली. सुमारे 250 बाळांना लस दिली गेली होती. त्यातली 70 हून अधिक क्षयाने गेली, शंभराहून अधिक आजारी पडून सावरली.

सगळ्या युरोपात हाहाकार उडाला. मवाळ झालेला जंतू पुन्हा उलटला, असं लोक म्हणू लागले. वर्तमानपत्रांनी काल्मेत यांना बाळांचा मारेकरी ठरवायचं बाकी ठेवलं नाही. तेव्हा त्यांचं वय 67 च्या आसपास होतं.

चौकशी झाली. पॅरिसहून गेलेल्या त्याच जंतूंपासून इतर ठिकाणी बनवलेल्या लशीने कुणालाच अपाय झाला नव्हता. ल्यूबेकच्या प्रयोगशाळेत मात्र कील शहराहून आलेला क्षयाचा जहाल जंतूही वाढवला जात होता. तोही त्याच उबवणपेटीत! लशीत तो मिसळला गेला होता. लस बाळांना देण्याआधी जनावरावर तपासलीही नव्हती. खटला चालला आणि फेब्रुवारी 1932 मध्ये डाइके यांना दोन वर्षं, तर आरोग्यखात्याचे डॉ. आल्टष्टेट यांना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. बीसीजी निर्दोष ठरली.

मित्रांनो, इंजिनिअर म्हणून हा प्रसंग आपण विसरता कामा नये. डिझाईन बरोबर होतं. मटेरियलही बरोबर होतं. चुकलं ते हाताळणीत: वेगळी खोली नाही, वेगळी उपकरणं नाहीत, शेवटची टेस्टिंग नाही. आपल्याला ज्या गोष्टी नुसत्या कागदी वाटतात, लेबल, रजिस्टर, इन्स्पेक्शन, त्या 70 हून अधिक पाळण्यांच्या किमतीला जगाने शिकल्या आहेत.

काल्मेत यांनी तो निकाल डोळ्यांनी पाहिला, पण गेलेला विश्वास निकालाने परत येत नाही. अनेक देश लशीपासून दूरच राहिले. खचलेले काल्मेत 29 ऑक्टोबर 1933 रोजी पॅरिसमध्ये वारले. पाचच दिवसांनी त्यांचे गुरू एमिल रूही गेले.

लस आपल्याकडे आली

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात क्षयाने पुन्हा डोकं वर काढलं आणि जगाला बीसीजीची आठवण झाली. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशोदेशी मोहिमा निघाल्या. गेरँ यांनी हे सगळं पाहिलं. ते 1961 पर्यंत जगले. भारतात 1948 साली सुरुवात झाली. मद्रासजवळ गिंडी इथे बीसीजी बनवायची प्रयोगशाळा निघाली, 1951 पासून देशभर मोहीम सुरू झाली. आज आपल्या पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बीसीजी बनवून कितीतरी देशांना पुरवते.

पण गोष्ट इथे गोड करून संपवली तर ते काल्मेत यांच्याशी अप्रामाणिकपणा होईल. 1968 पासून तमिळनाडूत चेंगलपट्टू इथे बीसीजीची फार मोठी चाचणी झाली. अडीच लाखांहून जास्त माणसं, आणि या वेळी कंट्रोल ग्रुप नीट ठेवलेला. 1979-80 च्या सुमारास निष्कर्ष आले तेव्हा सगळ्यांना धक्का बसला. मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून तिथे बीसीजीने संरक्षण दिलंच नव्हतं! काही देशांत लस चांगली चालते, काही ठिकाणी अजिबात नाही. असं का, यावर अजून अभ्यास चालू आहे. एक कारण असं सांगतात की आपल्या हवामानात मातीपाण्यात क्षयाच्या जंतूचे निरुपद्रवी भाऊबंद भरपूर असतात, आणि त्यांच्याशी ओळख आधीच झाल्यामुळे लशीचा प्रभाव झाकोळतो. शिवाय वेगवेगळ्या देशांत वर्षानुवर्षं नव्या पात्रात लावत गेल्याने मूळ जंतूची रूपंही थोडी थोडी वेगळी झाली. व्हर्जन कंट्रोल राहिला नाही म्हणा ना!

मग लस फुकट गेली का? मुळीच नाही. लहान बाळांना मेंदूच्या आवरणाचा आणि सगळ्या शरीरात पसरणारा क्षय होतो. तो फार भयंकर असतो, आणि त्याविरुद्ध बीसीजी चांगलं काम करते. म्हणूनच आपल्या देशात ती जन्मल्याबरोबर देतात. कुष्ठरोगापासूनही ती काही प्रमाणात वाचवते. मूत्राशयाच्या कर्करोगावर उपचार म्हणूनही वापरली जाते. शंभराहून अधिक वर्षं झाली, पण क्षयावर सर्रास दिली जाणारी दुसरी लस अजून जगाला मिळालेली नाही.

यात आपल्या कामाचं काय?

क्षयाच्या जगातल्या एकूण रोग्यांपैकी साधारण एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. हॉस्टेलच्या एका खोलीत तीन-चार जण, खिडकी थंडीत बंद, जेवणाची आबाळ, परीक्षेची जागरणं. क्षयाला याहून काय पाहिजे! लहानपणी बीसीजी घेतली आहे, आपल्याला काही होत नाही, हा समज चेंगलपट्टूच्या चाचणीने केव्हाच खोटा पाडला आहे. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला, संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला, वजन उतरू लागलं, तर सरकारी दवाखान्यात जाऊन थुंकी तपासून घ्यावी. तपासणी फुकट, औषधं फुकट. साध्या क्षयाचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो आणि तो पुरा करायचा असतो. महिन्याभरात बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडणाऱ्यांमुळेच औषधांना दाद न देणारा क्षय पसरतो.

आणि कुणा रूममेटला हा आजार निघालाच, तर त्याची भांडी वेगळी काढून त्याला वाळीत टाकू नका. क्षय ताटवाटीतून पसरत नाही, हवेतून पसरतो. खिडकी उघडा, खोकताना त्याला तोंडावर रुमाल धरायला सांगा आणि गोळ्यांची आठवण करा. नीट उपचार सुरू झाले की सहसा काही आठवड्यांत त्याच्यापासून इतरांना असलेला धोका बराच कमी होतो. आनंदीबाईंच्या काळी नाव लपवण्यावाचून गत्यंतर नव्हतं, कारण हाती काही नव्हतं. आज हाती पुष्कळ आहे. ज्यांनी आयुष्याची 13 वर्षं एका बटाट्यावरून दुसऱ्या बटाट्यावर जंतू लावण्यात घालवली, त्यांच्यासाठी आपण सहा महिने गोळ्यांचा क्रम तरी चुकवू नये. एवढं केलं तरी काल्मेत यांना आपला सलाम पोचला म्हणायचा!